चाबूक, प्याला आणि शेजारची देवी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या धाकट्या बहिणीने माझ्यावर एक काम सोपवले. आखातातील नोकरी आटोपून कायमच्या परतलेल्या एका आप्ताने आपल्या मुलांचा जुना एक्सबॉक्स ३६० तिच्या घरी आणून दिला होता. सोबत पाचसहा तबकड्या होत्या. त्यांपैकी एका डबीवर लेगोच्या ठोकळ्यांचा छोटा माणूस डोक्यावर टोपी व हातात चाबूक घेऊन उभा होता आणि कोपऱ्यात ७ हा आकडा छापलेला होता. घरात भाची नऊ वर्षांची, भाचा बारा वर्षांचा. बहीण म्हणाली, "दादा, तू एकदा नीट बघ आणि मला सांग, पोरांच्या हातात हे देऊ की नको."

या पानांवर पुस्तकांची, नाटकांची आणि क्वचित चित्रपटांची परीक्षणे येत असतात. व्हिडिओ गेमचे परीक्षण पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या घरांतील मुलांपर्यंत आज ज्या कथा पोहोचतात, त्यांतील कितीतरी याच वाटेने येतात. कथेची पारख करणे हे जर समीक्षेचे काम असेल, तर ती कथा पुठ्ठ्याच्या बांधणीतून आली की प्लास्टिकच्या डबीतून, याने फारसे बिघडत नाही. सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर दोन आठवडे मी मुलांच्या शेजारी बसलो. अधूनमधून कंट्रोलर माझ्याही हातात देण्यात आला. त्या वेळी घरात जो हशा पिकला, त्याचे वर्णन मी येथे करणार नाही.

खेळाचे पूर्ण नाव 'लेगो इंडियाना जोन्स : द ओरिजिनल ॲडव्हेंचर्स'. इंग्लंडमधील ट्रॅव्हलर्स टेल्स या संस्थेने तो रचला आणि लुकासआर्ट्सने जून २००८ मध्ये बाजारात आणला. लुकासआर्ट्सचे काम २०१३ मध्ये थांबले, पण खेळ संगणकावर आजही विकत मिळतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले तीन चित्रपट हा त्याचा आधार आहे : 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१), 'टेम्पल ऑफ डूम' (१९८४) आणि 'लास्ट क्रुसेड' (१९८९). प्रत्येक चित्रपटाची सहा प्रकरणे, म्हणजे एकूण अठरा. नायक पुराणवस्तुशास्त्राचा प्राध्यापक. म्हणून खेळाचे मुख्य ठाणे हे त्याचे कॉलेज आहे आणि तेथील भिंतीवरच्या नकाशांतून मुलाने आपल्याला हवे ते साहस निवडायचे.

प्रथम गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. हा खेळ दोघांनी मिळून खेळण्यासाठी रचलेला आहे. एकटे मूल खेळत असताना दुसरे येऊन शेजारी बसले, तर ते त्याच क्षणी खेळात शिरू शकते आणि कंटाळले तर कोणाचेही नुकसान न करता बाहेर पडू शकते. प्रत्येक पात्राला एखादी शक्ती आणि बहुधा एखादी उणीव दिलेली आहे. नायकाला चाबूक आहे, परंतु सापांपुढे त्याचे पाय थरथरतात. अशा वेळी दुसऱ्याने पुढे होऊन वाट मोकळी करावी लागते. विद्वान पात्रांजवळ पुस्तक आहे, त्यामुळे भिंतीवरील चित्रलिपी त्यांनाच वाचता येते. विली नावाची गायिका किंचाळली की काच फुटते. आणि शॉर्ट राउंड हा चिमुकला चिनी मुलगा जेथे मोठ्यांचे शरीर मावत नाही, अशा भोकांतून सरपटत पलीकडे जातो. ही शेवटची गोष्ट माझ्या भाचीला अतिशय आवडली. घरातील सर्वांत लहान माणूस असणे म्हणजे सदोदित थांबून राहणे, असा तिचा अनुभव. येथे मात्र तिचा बारा वर्षांचा भाऊ दाराशी खोळंबलेला आणि तीच आत जाऊन कळ ओढणार! खेळाने मुलांना परस्परांची गरज लावली, हे मी त्याचे मोठे यश मानतो. दोघांचा पडदा एकच असल्याने एक पुढे धावला की दुसरा ओढला जाऊन दरीत पडतो आणि भांडण होते, हेही नमूद करतो. पण त्या भांडणातही एकमेकांसाठी थांबायला शिकणे आहेच.

आता ज्या मुद्द्यावर पालक बहुधा प्रथम बोट ठेवतात, त्याकडे वळतो. मारामारी आहे का? आहे, आणि पुष्कळ आहे. ठोसे, चाबूक, तलवारी, बंदुका, इतकेच काय खुर्च्या आणि बाटल्याही. पण ज्याला मार बसतो, तो लेगोचा ठोकळा असल्यामुळे त्याचे हातपाय सुटे होतात आणि तुकडे नाहीसे होतात. रक्त नाही, वेदनेचे दर्शन नाही. मुलाचे स्वतःचे पात्र मेले, तर गोळा केलेली काही नाणी सांडतात आणि ते जागच्या जागी पुन्हा उभे राहते. अमेरिकेतील मानांकन मंडळाने या खेळाला दहा वर्षांपुढील मुलांचे चिन्ह दिले, युरोपने सात वर्षांपुढील. एकाच खेळाविषयी दोन सुबुद्ध समाजांत तीन वर्षांचे अंतर पडावे, यावरूनच हे आकडे किती अंदाजाचे असतात ते कळते.

मूळ चित्रपटांशी तुलना केली, तर हा खेळ फारच सौम्य आहे. वयाच्या चिन्हांचा इतिहासच या मालिकेशी जोडलेला आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. 'टेम्पल ऑफ डूम' मे १९८४ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा त्याला अमेरिकेत पीजी म्हणजे 'पालकांच्या मार्गदर्शनाने' असे सौम्य प्रमाणपत्र होते. त्यात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढण्याचा प्रसंग आहे. लहान मुलांना घेऊन गेलेले आईबाप संतापले. त्याच उन्हाळ्यात आलेल्या 'ग्रेमलिन्स' या चित्रपटानेही त्यात भर घातली, आणि खुद्द स्पिलबर्ग यांच्याच सूचनेवरून १ जुलै १९८४ रोजी पीजी-१३ हा नवा वर्ग निर्माण झाला. मालिकेचा तिसरा चित्रपट याच वर्गात आला. आपल्या देशात चित्रपट प्रमाणन मंडळाने यूए या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग पाडले ते २०२४ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. खेळांच्या डब्यांवर मात्र आपल्याला दिसतात ती बहुधा परदेशी चिन्हेच.

याबाबतीत ख्रिस्तसभेचाही स्वतःचा अनुभव आहे. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढले आणि देशोदेशींच्या बिशपांनी चित्रपटांची वर्गवारी भाविकांपर्यंत पोहोचवावी, असे सुचवले. अमेरिकेत अशा याद्या कित्येक वर्षे चर्चच्या दाराशी लागत असत. त्यांनी काही चांगले साधले. परंतु यादी वाचली म्हणजे विवेकाचे काम संपले, अशी एक आळशी सवयही त्यांतून लागली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश मुले आणि माध्यमे याच विषयाला वाहिला होता. हिंसेचा उदोउदो करणाऱ्या व्हिडिओ गेमवर त्यांनी कठोर शब्दांत टीका केली, पण त्याचबरोबर सौंदर्याची पारख मुलांत रुजवणे हे आईवडिलांचे काम आहे, असेही बजावले. त्या कसोटीवर पाहता या खेळात हिंसेचा उदोउदो नाही. मारामारी आहे ती सर्कशीतल्या विदूषकांसारखी. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावरच द्यायचे असते, तर मी पहिल्याच सायंकाळी 'दे' म्हणून मोकळा झालो असतो.

मला प्रथम खटकली ती एक वेगळीच गोष्ट. या खेळात धन मिळवायचे ते वस्तू फोडून. कुंडी फोडा, दिवा फोडा, खुर्ची फोडा. प्रत्येकातून नाणी उडतात आणि ती पुरेशी जमली की 'खरा साहसवीर' ही पदवी मिळते. चित्रपटातला प्राध्यापक पुराणवस्तू संग्रहालयात गेली पाहिजे म्हणून जिवावर उदार होतो. खेळातला प्राध्यापक हजारो वर्षांच्या मंदिरात शिरून दिसेल ते फोडत सुटतो! (चित्रपटातही तो जाता जाता पुष्कळ मोडतोड करतो, हे मान्य.) एका संध्याकाळी भाच्याला मी सोपाऱ्याच्या स्तूपाची हकिकत सांगितली. आपल्या नालासोपाऱ्यातील तो ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला, तेव्हा आत दगडी करंडक सापडला आणि त्यात बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. फोडण्याची घाई केली असती, तर त्यांपैकी किती शाबूत राहिल्या असत्या? भाच्याने गंभीरपणे ऐकून घेतले आणि पुढच्याच मिनिटाला एक झुंबर फोडले. या दोषावरून खेळाला नापास करावे, असे मला वाटत नाही. ठोकळे हे मोडून पुन्हा जुळवण्यासाठीच असतात, आणि खेळात मोडलेल्या तुकड्यांतून शिड्या व पूलही बांधावे लागतातच.

यानंतरचा मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो खेळाच्या सर्वांत गोड वैशिष्ट्यातून निघतो. हा खेळ मुका आहे. पात्रे बोलत नाहीत. ती हुंकारतात, मान डोलावतात, हातवारे करतात, आणि सगळी कथा मूकनाट्याने पुढे सरकते. यामुळे जपानपासून ब्राझीलपर्यंत कोणत्याही मुलाला ती कळते आणि हसूही येते. चार्ली चॅप्लिनच्या पिढीचा आनंद आजच्या मुलांना मिळतो, म्हणून प्रथम मी खूषच झालो. पण हे तीन चित्रपट कशाविषयी आहेत? पहिला कराराच्या कोशाविषयी, तिसरा प्रभूच्या शेवटच्या भोजनातील प्याल्याविषयी, आणि दुसरा आपल्याच देशातील एका काल्पनिक संस्थानातील देवस्थानाविषयी. पवित्र वस्तूला अर्थ असतो तो शब्दांनी. शब्द काढून घेतले की उरते ते फक्त चित्र.

तिसऱ्या चित्रपटाचेच पाहा. पवित्र प्याल्यापर्यंत पोहोचण्यासाठी नायकाला तीन कसोट्या पार कराव्या लागतात. पहिलीत अदृश्य पाती डोके उडवतात. कूटवाक्य असे की, पश्चात्तापी माणूसच पार होईल. नायक ते पुटपुटत चालत असतो आणि अखेरच्या क्षणी त्याला उमगते की, पश्चात्तापी माणूस देवापुढे गुडघे टेकतो. तो गुडघे टेकतो आणि पाती डोक्यावरून निघून जातात. शेवटी अनेक प्याल्यांतून एक निवडायचा असतो. लोभी माणूस सोन्याचा, रत्नजडित प्याला उचलतो आणि मरतो. नायक साधा, सुताराच्या घरचा वाटावा असा प्याला निवडतो. मनोरंजनासाठी काढलेल्या चित्रपटात नम्रतेविषयी इतके स्पष्ट सांगितलेले मला क्वचितच आढळले आहे. (ग्रेल ही शुभवर्तमानातील गोष्ट नव्हे, ती बाराव्या शतकापासून फ्रेंच कवींनी वाढवलेली दंतकथा आहे, हे मुलांना सांगून ठेवावे. मात्र स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील कॅथीड्रलात परंपरेने हाच मानला गेलेला एक प्याला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ मध्ये आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ मध्ये मिस्साबलिदानासाठी तो वापरला होता.) मुक्या खेळात पश्चात्ताप हा शब्दच उच्चारला जाऊ शकत नाही. मग अडथळा उरतो, त्याचा अर्थ उरत नाही, आणि प्याला ही मिळवायची आणखी एक चीज होऊन बसते.

असाच प्रकार शत्रूंचा. चित्रपटातील खलपुरुष हे नाझी आहेत. खेळातून स्वस्तिकाचे चिन्ह आणि नाझी हे नाव दोन्ही गाळले आहेत. पात्रांची नावे नुसती 'शत्रूचा सैनिक', 'शत्रूचा अधिकारी' अशी आहेत. लहान मुलांच्या खेळण्यावर ते चिन्ह नको, ही निर्मात्यांची भावना मी समजू शकतो. पण मग भाचीने विचारले, "मामा, हे वाईट का आहेत?" तेव्हा खेळाजवळ उत्तर नव्हते. ते द्यायला मामाला लागले, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते किती सांगावे, याचा विचार करण्यातच माझी ती संध्याकाळ गेली.

हे सारे खेळांत होऊच शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. याच तिसऱ्या चित्रपटावर लुकासफिल्म गेम्सने १९८९ साली एक संगणक खेळ काढला होता. नोआ फाल्स्टीन, डेव्हिड फॉक्स आणि रॉन गिल्बर्ट या तिघांनी तो रचला. त्यात पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदे मांडलेली असत : उघड, उचल, बघ, बोल. खेळाबरोबर नायकाच्या वडिलांच्या ग्रेलविषयक रोजनिशीची छापील प्रत मिळे. ती वाचल्याशिवाय खरा प्याला ओळखता येत नसे. किल्ल्यातील पहारेकऱ्यांशी मुष्टियुद्ध करता येई, पण नेमके शब्द वापरून त्यांच्यापैकी अनेकांना बोलण्यातच गुंगवून पुढे जाण्याचीही सोय होती. म्हणजे तोच चित्रपट, तोच व्यापारी धंदा. परंतु तेथे वाचन आणि संभाषण हीच मुलाची हत्यारे होती. चित्रे आजच्या मानाने ओबडधोबड होती आणि चुकीच्या उत्तराला शिक्षाही कडक होती, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला तो खेळ जमला नसता. बारा वर्षांच्या मुलाला मी तो आनंदाने दिला असता.

आता मधल्या सहा प्रकरणांविषयी. हे परीक्षण मी खरे तर त्यांच्यासाठीच लिहीत आहे.

दुसऱ्या आठवड्यात शेजारचा एक मुलगा खेळायला येऊ लागला. भाच्याच्याच वर्गातला. त्याच्या घरी देवीचे नवरात्र बसते आणि माझी बहीण दर वर्षी तेथे हळदीकुंकवाला जाते. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आमच्याकडे येतो. मुलांनी दुसऱ्या चित्रपटाचा नकाशा उघडला. शांघाय झाले, पानकोटचा राजवाडा झाला आणि 'टेम्पल ऑफ काली' हे प्रकरण आले. ज्वाळा, गुहा, ठगांचे थवे. पुढे खेळात अशी दारे येतात की, ती उघडण्यासाठी ठगाचे पात्र घेऊन मूर्तीपुढे आराधना करावी लागते. त्या मुलाने कंट्रोलर खाली ठेवला. तो रागावला नव्हता. त्याने फक्त विचारले, "फादर, आमच्या देवीला यांनी असं का दाखवलंय?"

मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

या चित्रपटाची भारतातील कथा ठाऊक असणे आवश्यक आहे. निर्मात्यांना त्याचे चित्रण राजस्थानात करायचे होते. पटकथेतील भारताचे चित्र आक्षेपार्ह वाटल्याने सरकारची परवानगी मिळाली नाही, आणि मग ते श्रीलंकेत कँडीजवळ झाले. पुढे चित्रपटावर भारतात काही काळ बंदीही होती. ठगांचा पुरोहित मोलाराम झाले होते आपले अमरीश पुरी. संस्थानचा दिवाण झाले रोशन सेठ, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी 'गांधी' चित्रपटात पंडित नेहरूंची भूमिका केली होती! राजवाड्यातील मेजवानीत भारतीय पाहुण्यांना माकडाचे मेंदू वाढले जातात आणि ते ते चवीने खातात. ही कल्पनाही नवी नाही. १८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त करणारे इंग्रज अधिकारी स्लीमन यांच्या लिखाणापासून १९३९ च्या 'गंगा दीन' या हॉलिवूडपटापर्यंत कालीचा भक्त म्हणजे गळा आवळणारा, ही प्रतिमा पश्चिमेकडे वारंवार वापरली गेली आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर आपल्या देशात आलेल्या युरोपीय मिशनऱ्यांच्या जुन्या पत्रांतही शेजाऱ्यांच्या दैवतांविषयी असे शब्द आढळतात की, आज ते वाचताना मान खाली जाते.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. तो सगळ्या हिंदूंना एका मापाने मोजत नाही. त्याची सुरुवात एका गरीब गावातून होते. तेथील पवित्र शिळा आणि मुले पळवली गेली आहेत, म्हणून गाव उजाड झाले आहे. नायक अखेरीस शिळा आणि मुले गावाला परत करतो, आणि शेवटच्या झुंजीत तो मोलारामला शिवाचा द्रोह केल्याबद्दल दोषी ठरवतो. म्हणजे श्रद्धा आणि श्रद्धेचा विपर्यास यांत पटकथा फरक करू पाहते; कितपत साधतो, हा प्रश्न वेगळा. पण हा फरक ती करते संवादांतून. मुक्या खेळात तो पुसट होतो. कोणता हिंदू कोणाविरुद्ध आहे, हे सांगणारे शब्दच नाहीत. मुलाच्या डोळ्यांपुढे उरते ते प्रकरणाचे नाव आणि देवीसमोर वाकणारा, फटके खाणारा शत्रू. जर्मनांच्या बाबतीत निर्मात्यांनी नाव आणि चिन्ह दोन्ही गाळण्याची काळजी घेतली. कालीचे नाव मात्र प्रकरणाच्या शीर्षकात जसेच्या तसे राहिले. हा भेद मला हेतुपुरस्सर वाटत नाही. त्यांच्या मानांकन मंडळांपुढे रक्ताचा, शिव्यांचा, बंदुकांचा प्रश्न असतो, आणि दूरच्या कोणाची देवी हा प्रश्न तेथे कोणाला सुचतच नाही. तो आपल्याला सुचला पाहिजे, कारण आपण तिच्या शेजारी राहतो.

सेमिनरीतील माझ्या एका जुन्या मित्राशी मी याविषयी बोललो. तो हसला. म्हणाला, "अरे, हे प्लास्टिकचे ठोकळे आहेत. मुलांना काली कोण हेही ठाऊक नसतं. तू उगाच गाठोडं त्यांच्या डोक्यावर ठेवतोस." त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लंडनमधल्या मुलाच्या बाबतीत कदाचित तेच खरे असेल. पण वसईच्या मुलाला काली कोण हे ठाऊक असते, निदान शेजारच्या घरातील तसबीर तरी ठाऊक असते. आणि समजा, एखाद्या खेळात मारेकऱ्यांची टोळी वेलंकनी मातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकताना दाखवली असती आणि दार उघडण्यासाठी मुलाला त्यांच्यापैकी एक व्हावे लागले असते, तर ते प्लास्टिकचे ठोकळे आहेत, एवढ्याने आपले समाधान झाले असते काय? सह्यांचे निवेदन घेऊन आपणच प्रथम निघालो असतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून घेतो. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, त्यातील काहीही ख्रिस्तसभा अव्हेरत नाही, असे स्पष्ट केले आहे. या दोन्ही गोष्टी दिवाणखान्यातील टीव्हीसमोरही लागू असल्याच पाहिजेत.

याचा अर्थ मधली सहा प्रकरणे जाळून टाकावीत, असा नाही. त्यांतही खाणीत राबणाऱ्या मुलांना सोडवण्याचे एक प्रकरण आहे, आणि शॉर्ट राउंडसारखे गुणी पात्र याच चित्रपटातून आलेले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबरोबर बसून, ही प्रतिमा कोठून आली, कोणी रचली, तिला कोणी आक्षेप घेतला, हे बोलत बोलत ती पाहिली, तर तो वेळ वाया जाणार नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीने ती एकटीने खेळावीत, यास माझी संमती नाही. युरोपचा सातचा आकडा आणि अमेरिकेचा दहाचा आकडा हे दोन्ही येथे निरुपयोगी आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटाची बारा प्रकरणे आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी जरूर खेळावीत, शक्यतो दोघांनी मिळून. नकाशे वेगवेगळे असल्यामुळे मधला टाळून पुढे जाता येते. तिसरा नकाशा संपला की मूळ चित्रपट घरी एकत्र बसून पाहावा, म्हणजे गुडघे टेकण्याचा प्रसंग मुलांना शब्दांसह मिळेल. बर्लिनचा आणि हिटलरचा प्रसंगही त्यात आहे, तेव्हा प्रश्नांची तयारी ठेवावी. २००९ मध्ये या खेळाचा दुसरा भाग निघाला आहे. तो मी पाहिलेला नाही, म्हणून त्याविषयी मत देत नाही.

शेजारच्या मुलाला मी दोन दिवसांनी गाठले आणि माझे आधीचे उत्तर अपुरे होते, असे सांगितले. ज्यांनी हा खेळ बनवला, ते तुझ्या आजीला कधी भेटले नाहीत, भेटले असते तर असे दाखवायला त्यांना लाज वाटली असती, एवढेच मी त्याला म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "पण फादर, तो टोपीवाला चांगला आहे ना?" मी म्हटले, बहुतेक वेळा.

तबकडी सध्या बहिणीच्या कपाटात असते आणि शनिवारी सायंकाळी दीड तासासाठी बाहेर निघते. तिन्ही मुले आता तिसऱ्या चित्रपटावर आहेत. नायकाचे वडील म्हणजे पुस्तकवाले प्राध्यापक कोणी व्हायचे, यावरून रोज वाद होतो, कारण कोडी त्यांच्याच हातून सुटतात. मधल्या नकाशाची मागणी भाच्याने दोनदा केली. गणपतीच्या सुटीत शेजारच्या आजींनाही बोलावू आणि त्यांना शेजारी बसवून तो उघडू, असे मी त्याला सांगितले आहे.